गेटपर्यंतचा रस्ता कुणाच्या नावावर?

अंधेरीत मुख्य रस्ता सोडून आत वळलं की जागोजागी एक पाटी दिसते : 'खासगी रस्ता. बाहेरच्या वाहनांना प्रवेश नाही.' वर्सोवा, आंबोली, मरोळ, चकाला, कुठेही जा. घर बघायला आलेली मंडळी ती पाटी वाचून खूश होतात. वर्दळ नाही, मुलं खाली खेळतील. एजंटही तेच ऐकवतो. ती पाटी कुणी लावली आणि त्याच्या लेखी आपण आतले की बाहेरचे, हे मात्र टोकन देऊन झाल्यावर सुचतं.

सगळ्यात पक्का गैरसमज असा : 'चाळीस वर्षं सगळे इथूनच जातात, म्हणजे हक्क झालाच.' तसं नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातलं कलम 15 सांगतं की रस्ता 20 वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरलेला असला पाहिजे. जमीन सरकारी असेल तर 30 वर्षं. यातला 'हक्क म्हणून' हा भाग लोक विसरतात. जमीनमालकाला विचारून, त्याच्या मेहेरबानीने ये-जा चालली असेल तर ती परवानगी झाली, आणि परवानगीची वर्षं कितीही मोजली तरी हक्काच्या खात्यात जमा होत नाहीत. अशी परवानगी मालक सहसा कधीही काढून घेऊ शकतो. शिवाय ती माणसाला दिलेली असते, घराला नव्हे. विकणाऱ्या काकांचे शेजाऱ्याशी घरोब्याचे संबंध होते म्हणून त्यांची गाडी जात होती. घरासोबत ते संबंध विकत मिळत नाहीत. खरा हक्क असेल तर तो मात्र घराबरोबर नव्या मालकाकडे आपोआप येतो.

कोर्टात हे सिद्ध करणंही सोपं नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या अशाच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रस्त्याचा हक्क नाकारला. 'बऱ्याच वर्षांपासून वापरतो' हे म्हणणं 20 वर्षांच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि जायला दुसरी वाटही उपलब्ध होती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

या दुसऱ्या वाटेवरून पुढचा गैरसमज : 'घराला रस्ता नाही असं कायदा होऊच देणार नाही.' गरजेपोटी मिळणारा रस्ता कायद्यात आहे, कलम 13 मध्ये. पण तो मागायचा तर तुमची जागा आणि रस्त्याची जागा पूर्वी एकाच मालकाची असायला हवी आणि विक्रीने किंवा वाटणीने ती वेगळी झालेली असायला हवी. त्यातही दुसरी वाट असेल, भले ती लांबची आणि गैरसोयीची असो, तर गरज उरत नाही. पुढे कधी नवा रस्ता झाला की गरजेचा हक्क संपतो. खरेदीखतात लिहून दिलेला हक्क तसा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केलं आहे. कागदावरच्या एका ओळीची किंमत इथे कळते. कुणी गावाकडचा अनुभव सांगून 'तहसीलदाराकडे अर्ज कर' म्हणेल. जमीन महसूल संहितेचं कलम 143 शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेसाठी आहे, अंधेरीतल्या बंगल्यासाठी नाही. इथे दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

आता ती ओळ ओळखायची कशी? बहुतेक जण खरेदीखताच्या परिशिष्टातली चतुःसीमा बघतात. 'पश्चिमेस : 20 फूट रुंद रस्ता' असं वाचलं की जीव भांड्यात पडतो. पण तिथे फक्त जागेची हद्द सांगितलेली असते. हवं ते वाक्य वेगळं : अमुक सीटीएस क्रमांकाच्या जागेतून, इतक्या रुंदीच्या रस्त्यावरून, पायी व वाहनाने जाण्या-येण्याचा कायमचा हक्क. आणि तो देणारा त्या सीटीएस क्रमांकाचा मालक हवा. दुसऱ्याच्या जमिनीवरचा रस्ता विकणाऱ्याने कितीही मोठ्या मनाने लिहून दिला तरी उपयोग शून्य.

'जाता येतं ना, मग बाकीचं बघून घेऊ' या समजुतीने अंधेरीत सर्वाधिक घोळ होतात, कारण इथे आज ना उद्या पुनर्विकास आहेच. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असं सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 28 सांगतं. पायवाटेचा हक्क मोटारीचा होत नाही. जाण्याच्या हक्कात गाडी उभी करणं येत नाही, आणि पाण्याची लाइन, गटार, गॅसची पाइप टाकायची तर त्याचा हक्क वेगळा लागतो. एका बंगल्यासाठी असलेल्या वाटेवर उद्या टॉवरच्या शंभर गाड्या सोडल्या आणि बोजा मोठ्या प्रमाणात वाढला, तर कलम 43 नुसार काही परिस्थितीत तो हक्कच संपू शकतो. शिवाय किती एफएसआय आणि टीडीआर मिळेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. विकास आराखड्यात तिथे रुंद रस्ता रंगवलेला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आराखड्यातली रेघ पालिकेच्या ताब्यात आलेली असतेच असं नाही.

खड्ड्यांचं थोडक्यात. 'टॅक्स भरतो, पालिका बघेल' हे खासगी रस्त्याला लागू नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 305 नुसार असा रस्ता सपाट करा, त्याचा निचरा करा, दिवे लावा, असं आयुक्त लगतच्या मालकांनाच सांगू शकतात. रस्ता ठाकठीक करून दिला की कलम 306 खाली तो सार्वजनिक जाहीर होऊ शकतो. पण त्याच्या मोठ्या भागाच्या मालकाने महिन्याच्या आत लेखी हरकत घेतली की ते बारगळतं.

आणि उद्या कुणी साखळी लावली तर 'पोलिसांत जाऊ'? भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्ये वाट अडवणं गुन्हा आहे खरा, पण त्यातच अपवाद आहे : खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असं जो प्रामाणिकपणे समजतो, त्याचं अडवणं गुन्हा ठरत नाही. म्हणून चौकीवर 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं ऐकू आलं तर ते टाळाटाळीचंच असेल असं नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी घराच्या प्रॉपर्टी कार्डाबरोबर रस्त्याच्या पट्ट्याचंही काढा. मंजूर लेआउट आणि डीपी रिमार्क मागा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का आणि त्यात लेआउटमधल्या रस्त्याचा हक्क आलाय का, ते पाहा. कारण तो रस्ता मूळ जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहिलेला असू शकतो. वकिलाला नुसतं 'टायटल क्लिअर आहे ना?' असं विचारू नका. सार्वजनिक रस्त्यापासून माझ्या गेटपर्यंत कोणत्या कागदाच्या आधारे मी गाडी नेणार, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.