बेरजेत न मावणारा माणूस

सार्वजनिक हिताचा निर्णय घेण्याची वेळ आली की आपण नकळत हिशेब मांडू लागतो. धरणामुळे किती जमीन भिजेल आणि किती घरे बुडतील, हे पाहायचे. पहिला आकडा पुरेसा मोठा असला की काम न्याय्य ठरते. या पद्धतीमागे एक विशिष्ट नीतिविचार उभा आहे, आणि त्याविषयी गेले अर्धशतक पाश्चात्त्य तत्त्वज्ञांत चाललेला वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही.

‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हे बेंथॅम-मिल यांचे तत्त्व मराठी वाचकाला नवे नव्हे. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याची परखड चिकित्सा केली. कर्माचा बाह्य परिणाम मोजून भागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये निराळ्या बाजूने आघात केला. एखादा माणूस उद्याच्या सुखासाठी आज कष्ट उपसतो, तेव्हा सोसणारा आणि भोगणारा एकच असतो. समाजात मात्र सोसतो एक आणि भोगतो दुसराच. बेरीज नेमका हाच भेद पुसून टाकते.

टी. एम. स्कॅन्लन यांनी १९९८ साली हा मुद्दा एका दृष्टान्ताने पुढे नेला. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण कक्षात एक कामगार अपघाताने अडकला असून त्याला विजेचे वेदनादायक झटके बसत आहेत. त्याला सोडवायचे तर पंधरा मिनिटे प्रक्षेपण बंद करावे लागेल, आणि त्या वेळी असंख्य लोक विश्वचषकाचा सामना पाहत आहेत. प्रेक्षकांची संख्या कितीही वाढवली तरी त्याला तसेच ठेवणे योग्य ठरेल काय? स्कॅन्लन म्हणतात, नाही. त्या कामगाराच्या गाऱ्हाण्याशी प्रत्येक प्रेक्षकाचे गाऱ्हाणे एकेकटे ताडून पाहावे. असंख्य क्षुल्लक गाऱ्हाण्यांची मोट बांधून त्याच्यावर लादू नये.

परंतु संख्या अगदीच निरर्थक मानावी काय? जॉन टॉरेक यांनी १९७७ साली ते टोक गाठले. औषध थोडे आहे. त्यात एक वाचेल किंवा पाच वाचतील, अशा वेळी नाणे उडवून सर्वांना समान संधी द्यावी, असे त्यांनी सुचवले. डेरेक पारफिट यांनी पुढच्याच वर्षी त्याचे खंडन केले. सारख्याच संकटात सापडलेल्यांत अधिकांना वाचवणे हे प्रत्येक जीव सारखाच मोलाचा मानण्यातूनच निघते, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. अंदाजपत्रक मांडणाऱ्याला संख्या टाळता येत नाही. मात्र एकाचे सर्वस्व आणि अनेकांची किरकोळ सोय एकाच तागडीत घालणे गैर आहे.

आमच्या अर्थशास्त्राने हा भेद फारसा मानला नाही. कॅल्डॉर आणि हिक्स यांनी १९३९ साली मांडलेल्या कसोटीनुसार, लाभार्थी नुकसान सोसणाऱ्यांना भरपाई देऊ शकत असतील आणि तरीही त्यांच्या पदरी काही उरत असेल, तर तो बदल इष्ट होय. ही भरपाई प्रत्यक्ष दिली जावी, अशी अट मात्र नाही! देता आली असती अशा भरपाईने कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

आपला २०१३ सालचा भूसंपादन कायदा या दृष्टीने उद्बोधक आहे. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती तो मागतो; शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ती अट लागू नाही. ही झाली संख्येची भाषा, आणि तीत उरलेल्या २० टक्क्यांच्या गाऱ्हाण्याला उत्तर नाही. त्याच कायद्यात दुसरी तरतूद आहे: पाटबंधारे किंवा जलविद्युत प्रकल्पात जमीन बुडण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे. येथे टक्केवारी नाही. शेवटच्या कुटुंबाचाही हक्क पहिल्याइतकाच आहे.

माझ्या मते नीतीचा क्रम हाच असावा. ज्याचे सर्वस्व जाते त्याचे देणे आधी चुकते करावे, आणि मग उरलेल्या लाभाची बेरीज खुशाल मांडावी. हा क्रम उलटला की ‘लोकहित’ हा शब्द दुबळ्याकडून त्याग वसूल करण्याचे साधन होतो. आणि वसूल केलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत.