पाळीपूर्व त्रास आणि होमिओपॅथी

पाळीच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत चिडचिड, उदासी, पोटफुगी, स्तनांत दुखरेपणा अशी लक्षणे दर महिन्याला उद्भवतात व रक्तस्राव सुरू झाल्यावर ओसरतात, तेव्हा त्यांना पाळीपूर्व लक्षणसमूह म्हणतात. १९५३ मध्ये ग्रीन आणि डाल्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी हे नाव रूढ केले. होमिओपॅथीत यासाठी सेपिया (माकुळाच्या वर्गातील जीवाची शाई), पल्सेटिला किंवा लॅकेसिस देतात; मात्र '३०' शक्तीचे औषध शंभरपट विरलीकरण तीस वेळा करून बनत असल्याने त्यात मूळ द्रव्याचा रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेलाही २०१५ मध्ये कोणत्याही आजारावर होमिओपॅथीच्या गुणाचा विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. तरीही स्त्रियांना वाटणारा आराम खोटा नसतो: कोणीतरी सविस्तर ऐकून घेते, आणि हे मोल मोठे आहे. जोयडा तालुक्यातील दिग्गीसारख्या जंगलातल्या, दवाखान्यापासून दूरच्या गावी तर ते अधिकच जाणवते. तेथील स्त्रीने दोन-तीन महिने लक्षणांची तारीखवार नोंद ठेवली, तर डॉक्टरांना निदान सोपे जाते. तीव्र नैराश्यावर सेरोटोनिनवर काम करणारी औषधे परिणामकारक ठरतात, आणि जीव नकोसा वाटू लागल्यास गोळ्यांच्या गुणाची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.