डॉक्सिसायक्लिन घेताना

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, की लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी मुंबईतील डॉक्टर अनेकदा हे प्रतिजैविक देतात. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

● मात्रा : जोखीम कमी असलेल्या प्रौढांना सहसा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. पायाला जखम असेल किंवा अशा पाण्यात रोज काम करावे लागत असेल, तर डॉक्टर मुदत वाढवतात. पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत सल्ला घ्या.

● कसे घ्यावे : जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत. पुढचा अर्धा तास आडवे होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तिथे व्रण पडू शकतो.

● अंतर ठेवा : लोह, कॅल्शियम आणि अँटासिडमुळे औषध नीट शोषले जात नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.

● दुष्परिणाम : मळमळ, जुलाब, उन्हाने त्वचा भाजणे. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, धाप किंवा तीव्र डोकेदुखीसह अंधूक दिसू लागल्यास औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठा.

● कोणासाठी नाही : गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना सहसा दुसरे औषध देतात.

● ताप आलाच तर : घरात उरलेल्या गोळ्यांवर विसंबू नका, त्याच दिवशी तपासणी करून घ्या.