आधी घर की आधी तार?
उच्चदाबाच्या वाहिन्या वस्तीपासून दूर नेण्याबाबत थोडी माहिती



"घरावरून गेलेली मोठी तार हलवता येते का हो?" असं पुष्कळ जण विचारतात. उत्तर "हो" असं आहे. पण कोण हलवणार आणि खर्च कोणी सोसायचा, हे एकाच गोष्टीवर ठरतं. आधी घर होतं की आधी तार? म्हणून ही पत्रिका नीट वाचा आणि जपून ठेवा.

आपल्याच भागात इतक्या तारा का?

कोळसा आपल्याकडं, पाणी आपल्याकडं, म्हणून वीजही इथंच तयार होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ही वीज लांब न्यायची तर दाब वाढवावा लागतो, नाहीतर वाटेतच बरीचशी वाया जाते. इथून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची एक वाहिनी आहे, तिचा दाब ५०० किलोव्होल्ट. भद्रावतीहून दक्षिणेकडं वीज जाते ती वेगळीच. तेव्हा तारा राहणारच. त्या आपल्या कवेलूंवरून जाव्यात की बांधाच्या कडेनं, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

किती अंतर हवं?

घराच्या बाजूनं आणि घराच्या वर किमान मोकळी जागा किती हवी, हे सुरक्षा नियमांत ठरलेलं आहे:

११ किलोव्होल्ट : बाजूनं १.२ मीटर, वर ३.७ मीटर
३३ किलोव्होल्ट : बाजूनं २ मीटर, वर ३.७ मीटर
१३२ किलोव्होल्ट : बाजूनं २.९ मीटर, वर ४.६ मीटर
२२० किलोव्होल्ट : बाजूनं ३.८ मीटर, वर ५.५ मीटर
४०० किलोव्होल्ट : बाजूनं ५.६ मीटर, वर ७.३ मीटर

हे अंतर तार सर्वांत जास्त झोळ खाते आणि वाऱ्यानं सर्वांत जास्त झुलते तेव्हाचं धरायचं असतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. तार तापते, लांबते, खाली येते. हिवाळ्यात ठीक वाटणारी तार उन्हाळ्यात ठीक असेलच असं नाही. मात्र बांबू किंवा टेप घेऊन स्वतः मोजायला जाऊ नका. मोजणीसाठी विद्युत निरीक्षकांकडं अर्ज करा.

मोठ्या वाहिनीला याशिवाय जमिनीचा पट्टा लागतो. १३२ ला २७ मीटर, २२० ला ३५ मीटर आणि ४०० ला ४६ मीटर. या पट्ट्यात पीक घेता येतं, घर बांधता येत नाही.

खुंट्या दिसल्या की जागे व्हा

कागदावरची रेघ हलवायला फारसं काही लागत नाही. मनोरा उभा राहिला की मात्र तेच काम लाखांत जातं. वळणावर जास्त मजबूत मनोरे घालावे लागतात आणि तार जोडताना वीज बंद ठेवावी लागते. म्हणून सर्वेक्षणाच्या खुंट्या दिसताच पुढील गोष्टी करा:

१. ही वाहिनी कोणाची, किती दाबाची, हे लेखी विचारा. महावितरण, महापारेषण, पॉवरग्रिड आणि खाजगी कंपन्या वेगवेगळ्या आहेत.
२. गावठाणाचा नकाशा काढा. त्यावर शाळा, अंगणवाडी, विहीर, खळं आणि उद्या जिथं घरं वाढणार ती जागा दाखवा.
३. घरं आधीची आहेत याचा पुरावा ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या कामी येतात.
४. ग्रामसभेचा ठराव करा. नुसतं "आम्हाला तार नको" म्हणू नका. "इथून नको, इथून न्या" असं सांगा. रस्त्याची, कालव्याची किंवा जुन्याच वाहिनीची कड सुचवा.

आपल्या दोन जिल्ह्यांत एक पेच आहे, तोही समजून घ्या. तार गावापासून दूर ढकलली की ती बहुधा जंगलात जाते. तिथं पट्ट्यातले मोह, तेंदू, सागवान तोडले जातात, आणि त्याला वनविभागाची व केंद्राची मंजुरी लागते. म्हणून आखणी करणारे पुन्हा शेताकडं आणि वस्तीकडं वळतात. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोलीतल्या पुष्कळ गावांना मिळाला. तेव्हा ते जंगलही आपलंच आहे. तार, रस्ता, कालवा अशा लांबट कामांना केंद्रानं २०१३ साली ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून बरीच सूट दिली. त्यामुळं संमतीच्या भरवशावर बसू नका, ठराव वेळेत द्या.

संमती लागते का?

गावातल्या ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या साध्या कामाला २००६ च्या नियमांप्रमाणं मालकाची संमती घ्यावी लागते. मालक नाही म्हणाला तर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. पुढं सबळ कारण दाखवलं तर जिल्हाधिकारी खांब किंवा ताण हलवण्याचा हुकूमही देऊ शकतात.

मोठ्या वाहिन्यांचं तसं नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली शासनानं अधिकार दिले असतील तर आधी संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर २०१६ मध्ये तसाच निकाल दिला. पण भरपाई द्यावीच लागते. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के असा दर आहे. राज्याचा चालू शासन निर्णय तहसील कचेरीत वाचून घ्या. झाडांचं आणि पिकाचं नुकसान वेगळं मागा. रक्कम कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडं दाद मागता येते.

तार उभी राहिल्यावर

घर आधीचं आणि तार नंतर आली असेल तर कागदपत्रं जोडून कंपनी आणि विद्युत निरीक्षक, दोघांकडं अर्ज करा. पोच घ्या.

तार आधीची आणि तुम्हाला नवं घर बांधायचं असेल, तर बांधकामाआधी नकाशासह दोघांनाही कळवा. कंपनी खर्चाचं अंदाजपत्रक देईल. ती रक्कम ३० दिवसांत भरली की साधारणपणे दोन महिन्यांत तार हलवून द्यायची असते. रकमेबद्दल वाद झाला तर निर्णय विद्युत निरीक्षक देतात. न कळवता तारेखाली घर बांधलं तर खर्चही तुमचा आणि जीवही तुमचाच.

आणखी एक वाट थोड्यांनाच ठाऊक आहे. १८८५ च्या तार कायद्याचा तिसरा भाग वीज वाहिन्यांना लागू आहे. त्यातल्या कलम १७ प्रमाणं मालक आपल्या जमिनीतली तार त्याच जमिनीत दुसरीकडं किंवा जास्त उंच न्यायला सांगू शकतो. आधी भरपाई घेतली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा भरपाईची निम्मी रक्कम, यांतली कमी असेल ती भरायची. समजा, भरपाई ८० हजार मिळाली आणि हलवण्याचा खर्च १२ लाख आहे. तर तुम्ही ४० हजार भरायचे. कंपनीनं ऐकलं नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं जा. हुकूम देणं न देणं त्यांच्या हाती आहे आणि तो अखेरचा असतो. तार शेजाऱ्याच्या शेतात मात्र ढकलता येत नाही. ग्रामपंचायतीच्या जागेला हे कलम लागत नाही.

तोवर काळजी घ्या

- तारेखाली धानाचे पुंजणे किंवा तणसाचा ढीग लावू नका. भरलेली बंडी उभी करून वर चढू नका.
- लोखंडी पाइप, लांब बांबू उभे धरून नेऊ नका.
- मोठ्या वाहिनीखालचं तारेचं कुंपण झिणझिण्या देतं. त्याला अर्थिंग करून घ्या.
- तुटलेल्या तारेपासून निदान ३० फूट दूर राहा, जनावरं अडवा आणि १९१२ वर कळवा.

तारेमुळं रोग होतो का, अशी भीतीही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००२ साली अशा चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवलं. पुरावा कच्चा आहे, पण अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्यानं घटतं. शॉक लागण्याचा धोका मात्र पक्का आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा.

शेवटी एवढंच. नमुना ८ चा उतारा आजच काढून पेटीत ठेवा. खुंट्या येतील तेव्हा तोच तुमच्या बाजूनं बोलेल. राम राम.