मामाची हायब्रिड आणि पौषातली थंडी

डिसेंबर उजाडला की आपल्या हॉस्टेलात गिझरसमोर बादल्यांची रांग लागते. थंडी माणसालाच वाजते, यंत्राला तिचं काय, असं मी थर्ड इयरपर्यंत समजत होतो. मागच्या हिवाळ्यात सुट्टीत समुद्रपूरला मामाकडे गेलो आणि हा गैरसमज दूर झाला.

मामाकडे हायब्रिड गाडी आहे. गेल्यागेल्या चहाच्या आधी तक्रार आली. "भाच्या, पावसाळ्यात बावीसचं अॅव्हरेज देत होती, आता सोळावर आली. पेट्रोल पिऊन राह्यली नुसती!" गावातल्या एका जाणकाराने 'बॅटरी गेली' असा निकाल देऊन टाकला होता. नव्या बॅटरीची किंमत ऐकून मामी दोन दिवस कुणाशी धड बोलत नव्हती.

दोन दिवस मी बाजूला बसून आकडे लिहिले. गंमत म्हणजे सकाळी सहाला शेताच्या फेरीत अॅव्हरेज पडायचं आणि दुपारी त्याच रस्त्यावर बरंच सुधारायचं. बॅटरी तीच, रस्ता तोच. गेलेली बॅटरी दुपारी परत येत नाही!

तुम्ही म्हणाल, थंडीत बॅटरी सुस्तावते हे तर आपण शिकलोय. खरं आहे. सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो. शून्याच्या आसपास लिथियम-आयन सेल जोरात चार्ज केला तर आतल्या ग्राफाइटवर लिथियमचा थर बसतो, म्हणून कंट्रोलर चार्जिंगच कमी करतो. मग ब्रेक दाबल्यावर मिळणारी फुकटची वीज वाया जाते. पण आपली थंडी केवढी? नागपूरला 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर गेला, तो विक्रम ठरला. एरवी आठ-दहा अंश. एवढ्यात बॅटरी थोडी कुरकुरते, मरत नाही.

शिवाय ही बॅटरी असते किती? 2022 मध्ये आपल्याकडे आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर हायब्रिडमध्ये ती जेमतेम 0.76 किलोवॅट-अवरची. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 किलोवॅट-अवर ऊर्जा असते. म्हणजे ही बॅटरी तिजोरी नाही, किराणा दुकानातला सुट्ट्या पैशांचा गल्ला आहे. ब्रेकवर आलेले पैसे टाकायचे, गाडी उचलताना काढायचे.

मग चोर कोण? इंजिन! हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवण्यात आहे, आणि गार इंजिन बंद ठेवता येत नाही. कूलंट तापायला हवं, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 250-300 अंशांच्या पुढेच नीट काम करतो. तोवर गाडी उभी असली तरी इंजिन घरघरतं. मामाचं शेत चार किलोमीटरवर. इंजिन तापतं न तापतं तोच गाडी बांधावर उभी! त्यात मामीला हीटर लागतो. हीटरची ऊब इंजिनाच्या कूलंटमधूनच येते, म्हणजे मामीच्या पायांसाठी पुन्हा इंजिन चालू.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे यावर बोलके आहेत. उणे 7 अंशांत, पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत साध्या पेट्रोल गाडीचं अॅव्हरेज 24 टक्क्यांपर्यंत घसरतं, हायब्रिडचं मात्र 30 ते 34 टक्के. जिची बचत जास्त, तिचंच नुकसान जास्त.

उरलासुरला चोर टायरमध्ये सापडला. मामाने दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा भर दुपारी, 35 अंशांत, 33 पीएसआय हवा भरली होती. नंतर बघितलंच नाही. फर्स्ट इयरचं वायूंचं समीकरण आठवा (केल्विन आणि अॅब्सोल्यूट प्रेशर घ्यायला विसरू नका, मी व्हायव्हात विसरलो होतो). दहा अंशांवर तीच हवा 29 च्या आसपास येते. टायर बसका, म्हणजे पेट्रोल जास्त.

मी सकाळी गार टायरमध्ये हवा भरून घेतली. शेत, डेअरी आणि बाजार अशा तीन वेगळ्या फेऱ्यांची सलग एक केली. मामीने हीटरऐवजी शाल घेतली. अॅव्हरेज एकोणीसवर आलं. पावसाळ्याचे बावीस काही आले नाहीत, ते येणारही नव्हते.

एक मात्र मामाला बजावून आलो. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला गाडीच्या आतलीच हवा पंख्याने मिळते. त्या जाळीसमोर कापसाची पोती रचू नका. वर्ध्याकडचा मे महिना बॅटरीचं आयुष्य खातो, पौष नाही.

परवा मामाचा फोन आला. भाच्याने गाडी दुरुस्त केली, असं तो गावभर सांगून राह्यला. मी फक्त हवा भरली होती.