‘सचेत’ : गस्त आणि बचाव

भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र (उद्योगांसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र निराळे) सुमारे २० लाख चौरस किलोमीटर आहे; सागरी शोध व बचावाची जबाबदारी मात्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे. एवढ्या विस्तारात केवळ बचावासाठी स्वतंत्र जहाजे राखणे परवडणारे नाही. म्हणून तटरक्षक दल गस्तीनौकांनाच त्यासाठी सज्ज ठेवते.

गोवा शिपयार्डने बांधलेली १०५ मीटर लांबीची ‘सचेत’ मे २०२० मध्ये दलात दाखल झाली. तिचा वेग ताशी २६ सागरी मैल. ६,००० सागरी मैलांचा पल्ला मात्र काटकसरीच्या गतीनेच मिळतो. हेलिकॉप्टर व वेगवान बोटी तिच्यावरून कार्य करू शकतात. जून २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर पेटलेल्या ‘वान हाय ५०३’ या मालवाहू जहाजावर पाण्याचा मारा करणाऱ्या नौकांत ‘सचेत’ होती. त्या जहाजावरील २२ पैकी १८ खलाशी नौदलाच्या ‘सुरत’ने आधीच किनाऱ्यावर आणले होते, चौघे बेपत्ता झाले.