तांबे आणि जिवाणूंचा प्रतिकार

तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. बंगळूर येथे झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात पटकी व हगवणीचे जिवाणू जिवंत आढळले नाहीत. खुटबाव परिसरातील शेतकरी बांधवांना हेच तांबे मोरचूद या रूपात परिचित आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व १०० लिटर पाणी म्हणजे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण. द्राक्षावरील केवड्यासाठी फ्रान्समधील मिलार्दे यांनी ते १८८५ मध्ये जगापुढे मांडले. डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठीही ताम्रयुक्त औषधे फवारली जातात.

तांबे असे मारक असता काही जिवाणू त्यातून वाचतात कसे?

अल्प तांबे अनेक जिवाणूंना आवश्यकच असते. ते अधिक झाले, की प्रथिनांतील लोह व गंधक यांची जोडणी मोडते आणि पेशीचे कार्य थांबते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूने यावर उपाय योजले आहेत. त्याच्या पेशीतील एक प्रथिन पहारेकऱ्याप्रमाणे तांब्याची वाढ ओळखते. त्यासरशी पेशी एक पंप तयार करते. तो ऊर्जा खर्चून तांबे आतील आवरणाबाहेर लोटतो. दोन आवरणांमधील जागेत दुसरे प्रथिन अधिक विषारी तांब्याचे कमी विषारी रूपात परिवर्तन करते. उरलेले तांबे तिसरी यंत्रणा थेट बाहेर टाकते. काही जिवाणू तर गंधकयुक्त प्रथिनांत तांबे बांधून निरुपद्रवी करतात.

ही क्षमता देणारी जनुके कधी कधी प्लास्मिड नावाच्या लहान वलयांवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. कॅलिफोर्नियातील टोमॅटोवरील रोगजिवाणूंत असे प्लास्मिड १९८० च्या दशकात आढळले. वारंवार फवारणी केल्यास दुर्बल जिवाणू मरतात, सहनशील तेवढे उरतात व वाढतात. शिवाय तांबे कुजून नष्ट होत नाही. ते जमिनीत साचत राहते.

म्हणून आम्ही पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगू इच्छितो : फवारणी गरजेपुरती व योग्य मात्रेतच करावी, रोगट फळे व फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. घरातील हंडा नित्य घासावा, त्यात ताक वा आंबट पदार्थ ठेवू नयेत आणि शंकास्पद पाणी उकळूनच मुलांना द्यावे. तांब्याचे सामर्थ्य आपल्या पुढील पिढीलाही उपयोगी पडावे, यासाठी आज त्याचा वापर विवेकाने व्हावा.